बाण दाबला आणि ^[[ए उमटलं

मागच्या महिन्यात रविवारी जेवून जरा आडवा झालो होतो तेवढ्यात भाच्याचा फोन. "मामा, नवीन कीबोर्डपण गेला." मी म्हटलं, नवीन'पण' म्हणजे? तर झालं असं की साहेबांनी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी भाड्याने एक लिनक्स सर्व्हर घेतला, त्यावर स्वतःसाठी नवा युजर बनवला, लॉगिन केलं, आणि मागची कमांड परत आणायला वरचा बाण दाबला तर कमांड यायच्या ऐवजी स्क्रीनवर ^[[ए असं कायतरी उमटलं. परत दाबला, परत तेच. डावा दाबला तर ^[[डी. मग पठ्ठ्याने ठरवलं की कीबोर्डची वाट लागली, शनिवारी डोंबिवलीहून लोकल पकडली, दादरला बदलून ग्रँट रोडला उतरला, लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून नवा कीबोर्ड आणला, जोडला, आणि परत ^[[ए.

मी विचारलं, ब्राउझरमध्ये बाण चालतो का? चालतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत? तिथेपण चालतो. मग बिचाऱ्या कीबोर्डने काय घोडं मारलंय तुझं?

(कमांड आणि इंग्रजी अक्षरं मी बोलतो तशीच देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थात इंग्रजीत. ^[[ए मधला ए म्हणजे कॅपिटल ए.)

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा लोचा ऑफिसात चांगल्या अनुभवी लोकांचापण होतो आणि तेपण आधी गूगलवरून कुठलीतरी कॉन्फिग उचलून चिकटवतात आणि मग दुसरंच काहीतरी बिघडतं.

मुळात टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला बटणं दिसतच नाहीत. गेमला दिसतात, ब्राउझरला दिसतात, अमुक बटण दाबलं, अमुक सोडलं, सगळं कळतं. शेल (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम), व्हीआय (जुना एडिटर) असल्या मंडळींना फक्त एकामागोमाग एक येणारे बाइट मिळतात, म्हणजे नुसते आकडे. नुसतं शिफ्ट दाबून धरा, त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. ए दाबला तर ९७, शिफ्ट धरून ए दाबला तर ६५, बास. तुम्ही बटण दाबता ते टर्मिनलच्या खिडकीला कळतं, ती खिडकी त्याचे आकडे बनवते आणि ते आकडे पुढे ढकलते. मधल्या ह्या भाषांतरातच सगळा झोल आहे.

हे असं का, तर वारसा. टर्मिनल म्हणजे आधी खरंच टेलिटाइप होतं, कागदावर खडखड छापणारं यंत्र, लिनक्समध्ये अजूनही सगळीकडे टीटीवाय टीटीवाय दिसतं ते त्याचंच नाव. टेलिटाइप मॉडेल ३३ आलं १९६३ मध्ये आणि आस्की हा अक्षरांच्या नंबरांचा तक्तापण त्याच वर्षी पहिल्यांदा छापला गेला. तक्त्यात जागा एकूण १२८. त्यात अक्षरं, आकडे, चिन्हं आणि काही कंट्रोलचे नंबर, नवी ओळ, टॅब, घंटी वगैरे. बाणाच्या बटणाला जागाच नाही, आणि असणार तरी कशी, कागदावर छापलेल्या मजकुरात वर जाऊन करणार काय?

पुढे स्क्रीनवाली टर्मिनलं आली, कर्सर आला, बाण आले, आणि प्रश्न पडला की ह्यांना नंबर कुठला द्यायचा. आयबीएमच्या बॉब बीमर ह्यांनी आस्कीत एक फार दूरदृष्टीचा नंबर घालायला लावला होता, २७, एस्केप. त्याचा अर्थ एवढाच की आता जे येतंय ते नेहमीच्या अर्थाने वाचू नका. मग डेक कंपनीच्या व्हीटी५२ ने, १९७५ मध्ये, वरच्या बाणासाठी एस्केप आणि मागोमाग ए असं पाठवलं. १९७८ च्या व्हीटी१०० ने मध्ये एक चौकटी कंस घातला, एस्केप [ ए. आणि गंमत बघा, आज तुमच्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवरचं टर्मिनल अजून त्याच व्हीटी१०० ची नक्कल करत बसलंय. भाच्याच्या स्क्रीनवर जे उमटलं ते कचरा नव्हतं, ते वरच्या बाणाचं खरं रूप होतं, फक्त ते समजून घेणारा पलीकडे कोणी नव्हता.

आता ^[ म्हणजे एस्केप कसं? टोपीचं चिन्ह म्हणजे कंट्रोल. जुन्या कीबोर्डांवर कंट्रोल दाबून अक्षर दाबलं की अक्षराच्या नंबरातून ६४ वजा व्हायचे, इतकं साधं. कॅपिटल सी चा नंबर ६७, म्हणून कंट्रोल-सी म्हणजे ३. चौकटी कंसाचा ९१, त्यातून ६४ गेले की २७, म्हणजे एस्केप. हे गणित एकदा कळलं की बऱ्याच जुन्या कोड्यांची उत्तरं फुकटात मिळतात. आय चा ७३, वजा ६४, ९, आणि ९ म्हणजे टॅब. एम चा ७७, वजा ६४, १३, आणि १३ म्हणजे एंटर. म्हणजे टर्मिनलमधल्या प्रोग्रामला कंट्रोल-आय आणि टॅब ह्यात फरक कळूच शकत नाही, दोन्हीचा आकडा एकच. लोक एडिटरमध्ये कंट्रोल-आयला काहीतरी शॉर्टकट लावतात आणि मग टॅब चालेना म्हणून बोंबलत बसतात. एडिटरची काही चूक नसते हो.

बघायचं कसं, ते आता. सगळ्यात हाताशी म्हणजे कॅट, जे मिळेल ते तसंच छापणारी कमांड. नुसतं कॅट टाईप करून एंटर मारा आणि बाण दाबा, ^[[ए दिसेल. पण इथे एक फसगत आहे जी मला स्वतःला कित्येक वर्षं कळली नव्हती. ते ^[[ए कॅटने दाखवलेलं नसतंच. तुमच्या आणि कॅटच्या मध्ये कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बसलेला असतो, तो एंटर येईपर्यंत अख्खी ओळ स्वतःकडे धरून ठेवतो आणि तोवर तुम्ही काय टाईप केलं ते तोच स्क्रीनवर उमटवतो, कंट्रोलचे नंबर आले तर टोपी लावून. एंटर मारल्यावर कुठे कॅटला ओळ मिळते, आणि कॅट ती जशीच्या तशी छापतो, म्हणजे खराखुरा एस्केप [ ए टर्मिनलला परत पाठवतो, आणि टर्मिनल म्हणतं बरं, वर जायचंय, आणि कर्सर एक ओळ वर नेतं, मग नवी ओळ येते आणि कर्सर परत जागेवर. तुम्हाला वाटतं कॅटने काही छापलंच नाही. छापलं की, पण ते दिसायचं नव्हतं, करायचं होतं. म्हणून कॅट डॅश व्ही वापरा, तो कंट्रोलचे नंबर स्वतः टोपी लावून दाखवतो, मग तीच ओळ दोनदा दिसते, एकदा कर्नलची, एकदा कॅटची.

लिनक्सवर असाल तर शोकी डॅश ए त्याहून बरं. केबीडी नावाच्या पॅकेजमध्ये येतं. बटण दाबलं की लगेच, एंटरची वाट न बघता, एकेका बाइटची ओळ दाखवतं, दशमान, अष्टमान आणि सोळाच्या पद्धतीत. वरचा बाण दाबला की २७, ९१, ६५ अशा तीन ओळी. बाहेर पडायला कंट्रोल-डी. कंट्रोल-सी दाबून बसू नका, तिथे तोपण नुसता ३ म्हणून दिसेल. हे नसेल तर बॅशमध्ये (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) कंट्रोल-व्ही दाबा आणि मग हवं ते बटण, पुढचं बटण कच्चंच उमटतं. मी दिवसातून दोनतीनदा तरी हेच वापरतो.

भाच्याला शोकी चालवायला लावलं, दोन्ही कीबोर्डांवर. दोन्हीकडे २७, ९१, ६५. दोन्ही धडधाकट.

बाकीच्या बटणांची तऱ्हा जरा वेगळी. डिलीट दाबलं की एस्केप [ ३ ~ येतं, पेज अप ५ ~, पेज डाउन ६ ~. कधी डिलीट दाबल्यावर स्क्रीनवर नुसतं ~ उमटतं ना, ते म्हणजे समोरच्याने सुरुवातीचं गिळलं आणि शेपूट बाहेर राहिलं. एफ ५ चा नंबर १५, पण एफ ६ चा १७, १६ गायब! एफ १० चा २१ आणि एफ ११ चा २३, मध्ये २२ गायब. १९८३ च्या व्हीटी२२० कीबोर्डवर फंक्शनची बटणं गटागटाने होती आणि गटांच्या मधल्या फटींनापण जणू नंबर मिळाले, ते आपण आजतागायत सांभाळतोय. सरकारी फॉर्मवर कोणी कधी भरत नाही असा रकाना असतो ना, तसं.

कंट्रोल धरून उजवा बाण दाबला की एस्केप [ १ ; ५ सी. तो ५ बघा. शिफ्टचा १, ऑल्टचे २, कंट्रोलचे ४, जे दाबलं असेल त्याची बेरीज आणि वर एक जास्त. कंट्रोल म्हणजे ४ अधिक १, ५. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही म्हणजे ६. कधी शब्द ओलांडायला कंट्रोल-बाण दाबल्यावर ;५सी असं उमटलं तर समजा की टर्मिनलने बरोबर पाठवलंय, शेलला ते शिकवलेलं नाही.

आता एस्केप बटणाचा घोळ, आणि माझ्या मते ह्या सगळ्या प्रकारातली सगळ्यात मजेशीर गोष्ट हीच. एस्केप हे एक बटणपण आहे, त्याचा आकडा २७. बाणाची सुरुवातपण २७. ऑल्ट धरून एफ दाबला तर बहुतेक टर्मिनलं २७ आणि मागोमाग एफ पाठवतात. मग प्रोग्रामकडे २७ आला तर त्याने समजायचं काय?

बेस्टच्या बसमधली कंडक्टरची घंटी आठवा. एक टिंग म्हणजे थांब, दोन टिंग म्हणजे चल. ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा. पहिला टिंग आला. हा एकटाच आहे का मागून दुसरा येतोय? कळायला मार्ग एकच, क्षणभर थांबायचं. लवकर ठरवलंत तर चुकाल, फार वेळ थांबलात तर मागची पब्लिक ओरडेल. प्रोग्रामपण नेमकं हेच करतात. बॅशच्या आत असलेली, ओळ एडिट करू देणारी रीडलाइन लायब्ररी अर्धा सेकंद, म्हणजे ५०० मिलिसेकंद थांबते. अख्खी स्क्रीन वापरणाऱ्या प्रोग्रामांची एनकर्सेस लायब्ररी तर मुळात अख्खा १००० मिलिसेकंद थांबते. एडिटरमध्ये एस्केप दाबला की किंचित अडखळल्यासारखं वाटतं, ते मशीन स्लो आहे म्हणून नाही, ड्रायव्हर दुसऱ्या टिंगची वाट बघतोय. मधे टीमक्स (एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) असेल तर त्याचं वाट बघणं वेगळं, त्याच्या आत व्हीआयएमचं (व्हीआयचा सुधारलेला अवतार) वेगळं.

हे थांबणं कमी केलं की एस्केप झटपट चालतो, सगळे ब्लॉगवाले तेच सांगतात, पण लोकलमध्ये उभं राहून मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरवर काम करणाऱ्याने जरा जपून. नेटवर्क अडखळलं की २७ आधी पोचतो आणि उरलेली अक्षरं उशिरा. मी एकदा थांबणं अगदी शून्यावर आणून ठेवलं होतं आणि मग व्हीआयएममध्ये वरचा बाण दाबला की कधीकधी वर नवी रिकामी ओळ उघडून त्यात कॅपिटल ए पडायचा. कारण व्हीआयएममध्ये बाण एस्केप ओ ए असा येतो, एस्केप सुटा धरला गेला, मग ओ म्हणजे वरती नवी ओळ उघड, आणि मग ए टाईप झाला. ठाण्यापर्यंत फाईलमध्ये अशा चारपाच ओळी जमल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, आत्ता तर एस्केप [ ए सांगितलं, आता ओ कुठून आला? बरोबर पकडलंत. व्हीटी१०० ला बाणांचे दोन मोड होते, साधा आणि ॲप्लिकेशनवाला. साध्यात चौकटी कंस, दुसऱ्यात कॅपिटल ओ. व्हीआयएमसारखे प्रोग्राम चालू होताना टर्मिनलला सांगतात की आता दुसऱ्या मोडमध्ये जा, आणि बंद होताना परत आणतात. तपासणाऱ्याची खरी फजिती इथे होते, तुम्ही कॅट लावून बघता तेव्हा मोड एक आणि जो प्रोग्राम बिघडलाय तो चालतो तेव्हा मोड दुसरा. म्हणजे चोर पकडायला गेलात तेव्हा चोर घरी नाही. तपासताना आधी टीपुट एसएमकेएक्स मारून दुसऱ्या मोडमध्ये जायचं, मग कॅट डॅश व्ही, आणि झालं की टीपुट आरएमकेएक्स मारून परत यायचं. इन्फोसीएमपी ही कमांड दाखवते की तुमच्या टर्मिनलबद्दल सिस्टिमच्या वहीत काय लिहिलंय, आणि त्या वहीत बाण बहुतेक ओ वालेच असतात, म्हणून कॅटमध्ये दिसलेलं आणि वहीतलं जुळत नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

ती वही कुठल्या पानावर उघडायची ते टर्म नावाच्या व्हेरिएबलवरून ठरतं. घरी नवं फॅन्सी टर्मिनल आणि पलीकडे जुना सर्व्हर असला की त्याच्या वहीत ते पानच नसतं, मग बॅकस्पेस चालत नाही, स्क्रीन पुसली जात नाही, सगळं वाकडं.

बॅकस्पेसवरून आठवलं. कोणी ८ पाठवतं, म्हणजे ^एच, कोणी १२७, म्हणजे ^?. आठ म्हणजे एक घर मागे. एकशेसत्तावीस कागदी पट्टीच्या काळातला, चुकलेल्या अक्षराच्या जागी सातच्या सात भोकं पाडायची की ते अक्षर मेलं, आणि सातही भोकं म्हणजेच १२७. आजची बहुतेक लिनक्स टर्मिनलं १२७ पाठवतात. बॅकस्पेस दाबल्यावर ^एच किंवा ^? उमटत असेल तर एसटीटीवाय डॅश ए (कर्नलच्या टर्मिनल सेटिंगची यादी दाखवणारी कमांड) मारून इरेजसमोर काय लिहिलंय ते बघा, आणि शोकीत काय येतंय ते बघा, दोन्ही जुळवा. विषय संपला.

त्याच यादीत कंट्रोल-एसचा किस्सापण आहे. सेव्ह करायच्या सवयीने टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस दाबलं आणि सगळं गोठलं, ह्यावर किती लोकांनी खिडकी बंद करून काम घालवलंय देव जाणे. १९ म्हणजे थांब, १७ म्हणजे चालू कर. कंट्रोल-क्यू दाबा.

मराठी टाईप करणाऱ्यांसाठी खास. आस्कीत १२८ जागा, मग आपला म कुठे बसणार? यूटीएफ-८ मध्ये, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक ह्यांनी १९९२ मध्ये बनवलेली पद्धत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म म्हणजे २२४, १६४, १७४. मुंबई म्हणजे म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं, म्हणून १५ बाइट. खोटं वाटत असेल तर प्रिंटएफने मुंबई छापून डब्ल्यूसी डॅश सी ला द्या, ती बाइट मोजते. आता कर्नलला यूटीएफ-८ चालू आहे हे माहीत नसेल तर एका बॅकस्पेसला तो एकच बाइट खोडतो आणि अर्धवट म मागे राहतो. त्यासाठी एसटीटीवायमध्ये आययूटीएफ८ असा खटका आहे, तो चालू हवा. तरी कॅटसारख्या साध्या जागी उकार खोडला की गडबड होतेच, कारण उकाराला स्क्रीनवर वेगळं घर नसतं पण कर्नल इमानदारीत एक घर मागे सरकतो. टर्मिनल बनवणाऱ्यांनी मात्रांचा विचार पहिल्या दिवशी केला असता तर, असं मला दर वेळी वाटतं.

आणि एक विचित्र प्रकार. टर्मिनल स्वतःसुद्धा टाईप करतं. प्रोग्रामने एस्केप [ ६ एन पाठवलं की अर्थ होतो, कर्सर कुठाय सांग, आणि टर्मिनल उत्तर देतं एस्केप [ २४ ; ८० आर, म्हणजे चोविसावी ओळ, ऐंशीवं घर. उत्तर येतं कुठून, तर जिथून तुमची बटणं येतात त्याच वाटेने. विचारणारा प्रोग्राम उत्तर यायच्या आत मेला तर ते उत्तर शेलच्या पदरात पडतं आणि प्रॉम्प्टवर (शेल कमांडची वाट बघतो तिथे) २४;८०आर असं भुतासारखं आपोआप उमटतं. कोणी हॅक नाही केलेलं. माउसचंपण तसंच, प्रोग्राम माउस चालू करून मध्येच कोसळला की तुम्ही क्लिक कराल तिथे चिन्हांचा पाऊस. रीसेट टाईप करा, काय टाईप करताय ते दिसत नसलं तरी करा.

पेस्टचंपण ह्याच वाटेने जमवलंय. नवी टर्मिनलं पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी एस्केप [ २०० ~ आणि नंतर एस्केप [ २०१ ~ लावतात, म्हणजे शेलला कळतं की हे हाताने टाईप केलेलं नाही, मधल्या एंटरवर लगेच कमांड चालवू नकोस. बॅशमध्ये ५.१ पासून हे आपोआप चालू असतं. पेस्टच्या आगेमागे २००~ दिसलं तर आता कळलं असेल कुठून आलं.

कंट्रोल-आय आणि टॅबच्या त्या जुन्या भांडणावरपण इलाज निघालाय. कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर बनवणारे कोविद गोयल ह्यांनी किटी नावाच्या त्यांच्या टर्मिनलसाठी नवी पद्धत काढली, त्यात प्रोग्रामने मागितलं तर कंट्रोल-आय एस्केप [ १०५ ; ५ यू असा येतो, १०५ म्हणजे छोटा आय आणि ५ म्हणजे तोच कंट्रोल. इतर काही टर्मिनलांनीपण ती उचललीये. पण दोन्ही बाजूंना ती यायला हवी, एकटं टर्मिनल शहाणं असून भागत नाही.

भाच्याचं शेवटी काय निघालं ते राहिलंच. त्याने युजरॲड वापरून युजर बनवला होता, आणि त्या सर्व्हरवर युजरॲड नव्या माणसाला बॅश देतच नाही, साधा एसएच देतो, तिथला एसएच म्हणजे डॅश नावाचा छोटा शेल, आणि त्याला ओळ एडिट करणं, मागची कमांड आणणं काही येत नाही. बाइट बरोबर आले, कर्नलने टोपी लावून उमटवले, पलीकडे कोणी ओळखणारं नव्हतं. सीएचएसएच ह्या शेल बदलायच्या कमांडने बॅश लावला, बाहेर पडून परत लॉगिन केलं, बाण चालला. पाच मिनिटं.

कीबोर्ड दुकानदार परत घेईना, खोका फाडला म्हणाला. तो आता माझ्याकडे आहे, हे सगळं त्याच्यावरच टाईप केलंय. एफ ६ जरा जोरात दाबावं लागतं, पण शोकीत बघितलं, दाबलं की १७ च येतो.